उडालेल्या पाण्याची नोंद कुणी घेतली? कालवा सल्लागार समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सन्माननीय सदस्य,
कालवा सल्लागार समिती

स. न. वि. वि.

नोव्हेंबरातल्या आपल्या बैठकीचे इतिवृत्त आमच्या पाणी वापर संस्थेच्या सचिवांनी परवा मला वाचायला दिले. चौथ्या पानावर ठराव आहे. रब्बीची तीन आवर्तने, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्या, ठरली होती, त्यांची दोन केली आहेत आणि उन्हाळी आवर्तन 'उपलब्धतेनुसार' असे मोघम सोडून दिले आहे. धरण यंदा काठोकाठ भरले होते. सांडव्यावरून पाणी पडत असताना आपल्यापैकी तिघांनी जलपूजन करून नारळ सोडला, त्याचे फोटो आमच्या ग्रुपवर अजून फिरत आहेत. मग एक आवर्तन गेले कुठे? ठरावात कारण दिले आहे, एका ओळीत: 'हवामान बदलामुळे बाष्पीभवनात झालेली वाढ विचारात घेता.'

ती ओळ मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. पाणी कमी देता, हे एक वेळ समजू शकतो. दुष्काळ आम्ही पाहिलेत, तक्रार न करता पाहिलेत. पण न मोजलेल्या गोष्टीला कारण म्हणून पुढे करणे मला गप्प बसून चालवून घेता येत नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सर्वांनी वाचावे असे.

कालव्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांच्यासाठी लिहितोय त्यांना ते कळेलच. इतरांनी आपापल्या कालव्याचे नाव घालून वाचले तरी फारसे बिघडणार नाही.

मी १९ नंबर चारीच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्याच्या, टेलचा (अगदी शेवटच्या टोकाचा) खातेदार. चार एकर आठ गुंठे, त्यात दोन एकर गहू, बाकी हरभरा आणि थोडी ज्वारी. विहिरीचे पाणी जानेवारीत तळाला जाते, पुढचे पीक कालव्यावर. पण हे झाले निवृत्तीनंतरचे. त्याआधी २८ वर्षे मी एका कृषी संशोधन केंद्राच्या वेधशाळेत निरीक्षक होतो. पाणी किती उडाले हे मोजणे हेच माझे पोटापाण्याचे काम होते. एका अर्थी आपल्या त्या ओळीने माझ्या दोन्ही खात्यांवर हात घातला आहे.

ते मोजतात कसे, हे आपल्यापैकी काहींनी पाहिले नसेल, म्हणून सांगतो. १२२ सेंटीमीटर व्यासाची, वीतभर खोल अशी तांब्याची गोल टाकी. बाहेरून पांढरा रंग. जमिनीला टेकू नये म्हणून लाकडी चौकटीवर ठेवलेली, आणि कावळे-साळुंक्यांनी पाणी पिऊ नये म्हणून वरून जाळी. आत एक नळकांडे, त्यात टोकदार काडी उभी. रोज सकाळी पाणी त्या टोकाच्या जेवढे खाली गेले असेल तेवढे मोजपात्राने ओतायचे. काडीचे टोक आणि पाण्याची पातळी एकमेकांना टेकली की थांबायचे. जेवढे ओतले तेवढे कालपासून उडाले. पाऊस झाला असेल तर तो हिशेबात धरायचा. डिसेंबरात चार-साडेचार मिलिमीटर, मेमध्ये अकरा-बारा, पश्चिमेचा वारा सुटला की चौदासुद्धा. दर पंधरा दिवसांनी टाकी उपसून शेवाळ घासायचे. बस, एवढेच काम. पण ते रोज, दिवाळीलासुद्धा.

मी रुजू झालो त्या आठवड्यात माझे वरिष्ठ म्हणाले होते, "नोंद हुकली तर रकाना कोरा ठेव. अंदाज लिहिलास, तर तीस वर्षांनी कुणीतरी तो खरा धरून गणित मांडेल." २८ वर्षांत माझे अकरा रकाने कोरे आहेत. त्यातले दोन वडील गेले तेव्हाचे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली धरणावरच्या टाकीची. माहितीच्या अधिकारात मी धरणस्थळाच्या बाष्पीभवन नोंदवहीच्या प्रती मागवल्या. ६२ पाने आली, १२४ रुपये भरले. मागच्या तीन वर्षांचे एप्रिल शेजारी शेजारी मांडले. १ एप्रिल ९.८. २ एप्रिल १०.१. ३ एप्रिल पुन्हा १०.१. ४ एप्रिल ९.६. तिन्ही वर्षी हेच, दशांशासकट, महिनाअखेरपर्यंत. या तीनांपैकी एका वर्षी १३ एप्रिलला आमच्याकडे गारा पडल्या होत्या, संस्थेच्या ऑफिसचे पत्रे फुटले, दोन शेळ्या दगावल्या. नोंदवहीत त्या दिवशीही १०.४ मिलिमीटर बाष्पीभवन आहे. गारांच्या दिवशी!

मग मुलाच्या मोटारसायकलवर बसून धरणावर जाऊन आलो. लाकडी चौकट जागेवर आहे. टाकी नाही. चौकीदाराला विचारले तर तो हसला आणि म्हणाला, "तांब्याची होती ना काका, गेली." कधी गेली? त्याला आठवत नव्हते. तो येण्याआधीच गेली म्हणे, आणि त्याला तिथे चार वर्षे झालीत.

मी कुणाचे नाव घेत नाही. ज्याने ते आकडे उतरवले तो माणूस बहुधा एकटाच तीन जणांचे काम करतो आहे, आणि टाकी चोरीला गेल्याचे त्याने कळवलेही असेल. मला राग टाकी गेल्याचा नाही. ती गेल्यावर रकाना भरत राहिला, याचा आहे. तीन वर्षे तेच आकडे लिहिणाऱ्या वहीवरून 'वाढ' निघूच शकत नाही. त्या वहीप्रमाणे बघायला गेले तर वाढ शून्य आहे. मग ठरावातली वाढ कुणी, कशात पाहिली?

दुसरी तक्रार त्या 'वाढ' शब्दाचीच. इथे जरा लांबण लागेल, ती सहन करावी.

ऊन वाढले की पाणी जास्त उडणार, हे कुणीही सांगेल. नोकरीला लागलो तेव्हा मीही तेच धरून चाललो होतो. पण टाक्यांनी उलटे दाखवले. १९९५ साली अमेरिका आणि जुन्या सोव्हिएत संघातल्या नोंदींवरून असे पुढे आले की तापमान वाढत असताना टाक्यांमधले बाष्पीभवन कित्येक दशके घटत होते. आपल्याकडेही तेच. १९९७ साली चट्टोपाध्याय आणि ह्यूम यांनी भारतातल्या नोंदी तपासल्या, तर टाकीतले बाष्पीभवनही घटलेले आणि सूत्राने काढलेले संभाव्य बाष्पपर्णोत्सर्जनही घटलेले. पुढे हवामान खात्याच्याच अभ्यासकांनी १९७१ ते २००० या तीस वर्षांच्या नोंदी पाहिल्या. त्यातही देशाच्या मोठ्या भागात घटच. बाष्पपर्णोत्सर्जन म्हणजे जमिनीतून उडणारे आणि पिकाच्या पानांतून निघणारे, दोन्ही मिळून. संभाव्य म्हणजे पाण्याची कमतरता नसती तर जेवढे उडाले असते तेवढे; प्रत्यक्ष म्हणजे खरोखर उडाले तेवढे. आम्ही वेधशाळेत नुसते 'ईटी' म्हणायचो, या पत्रातही तेच म्हणतो.

हे का झाले? पाणी उडवायला चार जण लागतात: ऊन, उष्णता, कोरडी हवा आणि वारा. त्यातली उष्णता वाढली हे खरे. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, हे केंद्र सरकारच्या २०२० सालच्या अहवालात आहे. पण बाकीचे तिघे तिच्या मागे चालले नाहीत. हवेतली आर्द्रता वाढली. वारा मंदावला. आणि ऊन, म्हणजे जमिनीवर पोचणारे प्रत्यक्ष सूर्यकिरण, धुरकट हवेमुळे कमी झाले. ऑस्ट्रेलियाच्या रॉडरिक आणि फार्कर यांनी २००२ साली याच कारणावर बोट ठेवले. पुण्याच्या आयआयटीएमच्या (भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या) शास्त्रज्ञांनी २००७ साली भारतातल्या १२ केंद्रांच्या १९८१ ते २००४ च्या नोंदींवरून उन्हातली ही घट दाखवली.

मला ते अहवाल हाती येण्याआधी काचेच्या गोळ्याने सांगितले होते. सूर्यप्रकाश मोजायला वेधशाळेत काचेचा भरीव गोळा असतो, त्याच्यामागे जाड कागदाची पट्टी. ऊन पडले की गोळ्यातून किरण एका बिंदूत येऊन पट्टीवर जळकी रेघ उमटते. जितके तास रेघ, तितके तास ऊन. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत जानेवारीतली रेघ सकाळी लवकर सुरू व्हायची आणि काळी, खोल असायची. शेवटच्या वर्षांत सकाळचा पहिला तासभर पट्टी नुसती पिवळसर पडायची. सूर्य डोळ्यांना दिसत असायचा, पण त्याच्यात जाळण्याइतका दम नसायचा.

वाऱ्याचेही तसेच, पण त्यात एक गंमत आहे. आमच्या वेधशाळेच्या दक्षिणेला मी रुजू झालो तेव्हा कंबरेएवढा कडुलिंब होता. निवृत्त झालो तेव्हा त्याच्या सावलीत आम्ही डबे खायचो. त्यामुळे आमच्या वायुवेगमापकावर वारा मंदावल्याचे जे दिसते, त्यातला काही वाटा हवामानाचा आणि काही त्या कडुलिंबाचा. मी दोनदा लेखी कळवले. झाड तोडायला परवानगी लागते, आणि खरे सांगायचे तर मलाही ते तोडलेले बघवले नसते.

आणि आता उसाचे. आमच्या वेधशाळेच्या पश्चिमेला पूर्वी कोरडवाहू ज्वारीचे रान होते. उन्हाळ्यात ते रान उघडे पडायचे, त्यावरून तापलेली कोरडी हवा यायची आणि टाकी मेमध्ये तेरा-चौदा मिलिमीटर दाखवायची. मग तिथे पाइपलाइन आली, ऊस आला. दुसऱ्याच उन्हाळ्यात टाकीचा आकडा अकरा-साडेअकरावर आला. मला वाटले टाकी वाकडी झाली. पाणसळ लावून पाहिली, सरळ होती. बदलली होती हवा. उसावरून ओली हवा येत होती, तिला टाकीतल्या पाण्याची तहान कमी. म्हणजे टाकी घट दाखवत होती आणि त्याच वेळी शेजारच्या रानातून पूर्वीच्या कितीतरी पट पाणी आकाशात चालले होते. हे नाते फ्रान्सच्या बूशे यांनी १९६३ सालीच मांडून ठेवले आहे. मला ते माहीत नव्हते, उसाने शिकवले.

तर टाकीतली घट म्हणजे शिवारातली घट नव्हे. जगभरच्या जमिनीवरचे प्रत्यक्ष ईटी १९८२ ते १९९७ या काळात दर दशकाला वर्षामागे सुमारे ७ मिलिमीटरने वाढले, आणि १९९८ नंतर काही वर्षे ही वाढ अडखळली, कारण बऱ्याच ठिकाणी मातीतच उडायला पाणी उरले नव्हते, असे २०१० सालच्या एका मोठ्या अभ्यासात निघाले. १९८० च्या दशकापासूनचा एकूण कल वाढीचा आहे, हे हवामान बदलावरील आंतरसरकारी समितीने (आयपीसीसी) २०२१ साली मान्य केले. चीनमध्ये टाक्यांमधली घट १९९० च्या दशकात थांबून आकडे पुन्हा वर वळले. सांगायचे इतकेच, की देश बदलला, दशक बदलले, टाकी सोडून शेत पाहिले, की उत्तर बदलते. आपल्या जलाशयावर गेल्या पंधरा-वीस वर्षांत बाष्पीभवन वाढले असेलही. उद्या कुणी मोजून दाखवले तर मी सर्वांत आधी मान्य करीन. पण ते दाखवणारी टाकी चोरीला गेली आहे आणि तिच्या जागी ठरावात एक ओळ आली आहे.

तिसरी तक्रार साध्या गणिताची. समजा, आपले म्हणणे खरे. समजा, बाष्पीभवन चांगले दहा टक्के वाढले. एक मिलिमीटर पाणी एक चौरस किलोमीटरवरून उडाले तर एक हजार घनमीटर होते. टाकीचा आकडा जलाशयाला लावताना ०.७ ने गुणतात, कारण टाकी जास्त तापते. आपला जलाशय भरला की ४० चौरस किलोमीटर पसरतो. रब्बीभर सरासरी ३४ धरला आणि मार्च ते मे सरासरी २२. १५ ऑक्टोबरपासून फेब्रुवारीअखेर टाकीतून सुमारे ७०० मिलिमीटर जाते, मार्च ते मे ९८०. हे आकडे माझ्या स्वतःच्या वहीतले, कोऱ्या रकान्यांसकट. हिशेब केला तर पूर्ण मोसमात जलाशयातून उडतात सुमारे ३२ दलघमी (दशलक्ष घनमीटर). त्याच्या दहा टक्के म्हणजे ३.२ दलघमी.

कालवा ७०० क्युसेकने (सेकंदाला ७०० घनफूट) २१ दिवस चालला की एक आवर्तन होते. त्याचे होतात ३६ दलघमी.

म्हणजे वाढ मान्य केली तरी तिच्यात एका आवर्तनाचा अकरावा हिस्सा बसतो. बाकी दहा हिस्से कुठे उडाले? मी पुन्हा पुन्हा आकडेमोड केली. मुलाने मोबाइलवर केली, नातवाने शाळेतल्या सरांकडून तपासून आणली. पाणसाठ्याचा विस्तार आपल्या तक्त्यातून घेतला आहे आणि तो तक्ता धरण बांधले तेव्हाचा आहे. गाळ साचून पातळी आणि विस्ताराचे नाते बदलले असेल, तर हाही आकडा हलेल. पण अकरापट हलणार नाही.

मोठ्या जलाशयांची गोष्ट वेगळी, हे कबूल. जायकवाडीचा नाथसागर भरला की सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो आणि उथळ आहे. तिथे मेमध्ये पाणी २०० चौरस किलोमीटरवर आले तरी टाकीतल्या १२ मिलिमीटरच्या हिशेबाने रोज दीड दलघमीच्या वर उडते. तिथल्या अभियंत्यांनी बाष्पीभवनाची चिंता केली तर त्यात अर्थ आहे. आपले धरण डोंगरातले, खोल आणि आटोपशीर. मोठ्याचे दुखणे धाकट्याने सांगू नये.

चौथी गोष्ट बोलायला अवघड आहे, पण तीच खरी वाटते. बाष्पीभवन हा जललेख्यातला, म्हणजे पाण्याच्या जमाखर्चातला, असा रकाना आहे, की त्यात काहीही टाकले तरी परत कुणी विचारायला येत नाही. दरवाजांची गळती, कालव्याचा वाढलेला वहनव्यय (वाटेत मुरणारे-झिरपणारे पाणी), मंजुरीपेक्षा जास्त उपसा, यांना कुणीतरी जबाबदार असतो. उडून गेलेल्या पाण्याला जबाबदार सूर्य. त्याला नोटीस काढता येत नाही. मी कुणावर चोरीचा आरोप करत नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण माझ्याकडे मोटारसायकल आहे. फुगवट्याच्या, म्हणजे धरणामागे पसरलेल्या पाण्याच्या, काठाने गेलो तर पाण्यात सोडलेले किती पाइप दिसले ते मोजता मोजता मी शंभरला थांबलो. त्यातले किती परवान्याचे, हे आपणच सांगू शकता.

त्यातच पीक बदलले. लाभक्षेत्राच्या डोक्याकडे ऊस वाढला. ज्वारीला मोसमभरात ४५० ते ६५० मिलिमीटर पाणी लागते, उसाला १५०० ते २५००, असे जागतिक अन्न व कृषी संघटनेचे आकडे सांगतात. मेमध्ये जोमात असलेला ऊस एका एकरातून दिवसाला साधारण ३६ हजार लिटर पाणी हवेत सोडतो, म्हणजे तीन टँकर. ऊसवाल्यांचा मला राग नाही. माझ्या मेहुण्याचाच सहा एकर आहे आणि दिवाळीला त्याच्याकडे जायचे असते. पण हे वाढलेले ईटी पिकाने वाढवले, हवामानाने नव्हे. समितीने ठरावात तसे लिहावे. तसे लिहिले तर त्यावर बोलणी करता येतील, क्षेत्र ठरवता येईल. हवामानाशी काय बोलणी करणार?

आणि हवामान खरेच बदलले आहे, ते जिथे बोचते तिथे समितीचे लक्ष नाही, ही पाचवी तक्रार. ते वर्षाच्या सरासरीत फार दिसत नाही, तारखांत दिसते. मार्च २०२२ हा देशात १९०१ पासूनच्या मार्च महिन्यांत कमाल तापमानाने सर्वांत तापलेला ठरला. फेब्रुवारी २०२३ तसाच. गहू चिकात असतो, म्हणजे दाण्यात दूध भरत असते, तेव्हा, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, पूर्वी दिवसाला चार-साडेचार मिलिमीटर ओढायचा. आता एखादा आठवडा असा येतो की सहाच्या वर जातो. काळ्या रानाला बोटभर भेगा पडतात. मागच्या वर्षी माझ्या गव्हाने १४ फेब्रुवारीला रंग सोडला. दुसरे आवर्तन आमच्या टेलला पोचले २८ तारखेला. पाटकरी म्हणाला, वेळापत्रकाप्रमाणे आलंय. आले होते, वेळापत्रकाप्रमाणेच. एकरी सात पोती झाली, दरवर्षी बारा-तेरा होतात. दाणा असा, की चाळणीतून गळावा.

नोव्हेंबरात बसून फेब्रुवारीची तारीख ठरवायची आणि मध्ये काहीही झाले तरी ती हलवायची नाही, यात कसले हवामान बदलाचे भान? शिवाय पिकांच्या पाण्याची गरज ज्या तक्त्यावरून काढता, तो १९७७ च्या पद्धतीने केलेला आहे. अन्न व कृषी संघटनेने स्वतःच ती पद्धत बाजूला ठेवून १९९८ साली नवी दिली, पेनमन-माँटीथ नावाची, आणि देशातली कृषी विद्यापीठे ती शिकवतात. जुनी पद्धत बहुतेक ठिकाणी गरज फुगवून दाखवते. म्हणजे एकीकडे जुन्या तक्त्याने फुगवलेली मागणी, दुसरीकडे न मोजता वाढवलेले बाष्पीभवन, आणि दोन्हींच्या मध्ये टेलचा गहू.

समितीत कुणी विचारील, एका टाकीने काय मोठा फरक पडतो? २०१६ च्या केंद्रीय संहितेप्रमाणे दुष्काळ ठरवताना मातीतल्या ओलाव्याचा एक निर्देशांक प्रत्यक्ष ईटी भागिले संभाव्य ईटी असाच काढतात. ते गणित अशाच रोजच्या नोंदींवर उभे राहते. पुण्यात हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग १९३२ साली डॉ. रामदासांच्या हाताखाली सुरू झाला, तेव्हापासून या देशात लोक पहाटे उठून हे आकडे घेत आले आहेत. चाळीस-पन्नास वर्षांची अशी माळ हाती असते, म्हणून कुणाला कल वर जातो की खाली, हे सांगता येते. त्या माळेत तीन वर्षे एकच मणी पुन्हा पुन्हा ओवला, तर पुढच्या अभ्यासकाला वाटेल की इथले हवामान थबकले होते.

माझ्या मागण्या अशा:

१. ठरावातली बाष्पीभवनाची ओळ मागे घ्यावी. घ्यायची नसेल तर तिच्यासोबत आकडे जोडावेत: कोणत्या वर्षांच्या तुलनेत, किती मिलिमीटर, कुणी मोजले.

२. तिसरे आवर्तन रद्द करण्याचे खरे कारण लेखी द्यावे. ते गळती असो, पिण्याच्या पाण्याचे आरक्षण असो, उपसा असो. कारण पटले तर आम्ही टेलवाले दोन आवर्तनांतही भागवू, तसा शब्द संस्थेच्या बैठकीत झाला आहे.

३. धरणस्थळी आणि कालव्याच्या मध्यावर एकेक बाष्पीभवन टाकी बसवावी. रोजचा आकडा शाखा कार्यालयाच्या फळ्यावर आणि पाणी वापर संस्थांच्या ग्रुपवर टाकावा.

४. टाकी नसतानाच्या सगळ्या नोंदी वहीत लाल शाईने 'नोंद नाही' अशा कराव्यात. कुणाला शिक्षा करा असे मी म्हणत नाही. फक्त रकाना कोरा करा.

५. जलाशयाचा दर आठवड्याचा जमाखर्च जाहीर करावा: आले किती, कालव्याला सोडले किती, पिण्याला गेले किती, उडाले किती, आणि हिशेब न लागलेले किती. शेवटचा रकाना वेगळा ठेवावा, बाष्पीभवनात मिसळू नये.

६. पीकपाण्याचा तक्ता कृषी विद्यापीठाकडून नव्या पद्धतीने करून घ्यावा आणि दुसऱ्या आवर्तनाची तारीख आधीच्या दहा दिवसांच्या ईटीवर ठरवावी. चार-पाच दिवस अलीकडे-पलीकडे करण्याचा अधिकार शाखा अभियंत्याला द्यावा.

टाकीची जागा मी दाखवायला तयार आहे. भिंतीच्या आडोशाला नको, विश्रामगृहाच्या बागेत तर मुळीच नको, तिथे रोज पाणी मारतात. उघड्यावर हवी, आणि जवळच्या झाडापासून त्याच्या उंचीच्या दहापट लांब. पहिले सहा महिने सकाळची नोंद मी विनामोबदला घेईन. धरण घरापासून नऊ किलोमीटर आहे, मुलगा सोडील. फक्त टाकी या वेळी तांब्याची आणू नका.

निवृत्तीच्या दिवशी केंद्रातल्या सहकाऱ्यांनी शाल-श्रीफळासोबत मला जुने, तोंडाला टवका गेलेले मोजपात्र भेट दिले होते. पुढच्या बैठकीला ते घेऊन येतो. आत बसायला जागा नसेल तर व्हरांड्यात थांबेन.

कळावे,

आपला,
१९ नंबर चारीच्या टेलचा एक खातेदार

ता. क. : पत्र लिहून झाल्यावर सचिवांचा फोन आला. दुसऱ्या आवर्तनाची तारीख आठ दिवस पुढे गेली आहे. कारण कळवलेले नाही.